साचेखात्यातले चाचा

आमच्या गल्लीत एकाही फाटकाची कडी करकरत नसे. याचं श्रेय नगरपालिकेला कुणी देऊ नये. ते चाचांचं होतं. चाचा सूतगिरणीत फिटर होते आणि सदऱ्याच्या खिशात तेलाची कुपी घेऊन हिंडत. शिंप्याच्या मशीनला असते तसली, लांब चोचीची. कुणाकडे गेले आणि दार वाजलं, की आधी बिजागरीला दोन थेंब, मग घरच्यांची विचारपूस. एकदा तापाने फणफणून सरकारी दवाखान्यात भरती होते, तर तिथे उठून औषधांच्या ढकलगाडीच्या चाकांना तेल घालत बसले. नर्सबाईंनी आधी आरडाओरडा केला. चाकं सुरळीत फिरायला लागल्यावर त्यांनीच उरलेल्या दोन गाड्या चाचांच्या खाटेपाशी आणून उभ्या केल्या.

त्यांना सगळी गिरणी चाचा म्हणे. त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठा वॉचमनही चाचाच म्हणे आणि अध्यक्षही. मी गिरणीत लागले तेव्हा ते पन्नाशीच्या आत होते, पण तेव्हाही ते चाचाच होते. अंगाने काटकुळे, दाढी दोन बोटं, आणि कानांत कायम कापसाचा बोळा. तो साच्यांच्या आवाजासाठी घालायचा असतो. चाचा घरीही काढत नसत. बायको काय म्हणते ते ऐकू येऊ नये म्हणून घालतात, असं गिरणीत बोललं जाई. त्यांना विचारलं तर म्हणत, "ऐकू येतंय की. निवडून येतंय."

गिरणी आमच्या गावाबाहेर होती, दिंद्रुडकडे जाणाऱ्या रस्त्याला. आजूबाजूच्या कापसाचं सूत इथेच व्हावं म्हणून सहकारी तत्त्वावर उभी राहिलेली. करवतीच्या दातांसारखं वरखाली जाणारं छप्पर, त्याला उत्तरेच्या बाजूने काचा, आणि आत बावीस साचे. साचा म्हणजे कापसाच्या सैल वातीला पीळ देऊन तिचं सूत करणारं लांबलचक मशीन. एकेका साच्यावर चारशेच्या वर चात्या, म्हणजे सूत गुंडाळून घेणाऱ्या सळ्या, सगळ्या एकदम भिरभिरणाऱ्या. कुठे तार तुटली की साच्यावरची बाई चालता चालता दोन बोटांनी जोडायची आणि पुढे जायची. पाळी बदलताना रस्ता सायकलींनी भरून जाई. त्या सायकलींवर गावातली अर्धी दुकानं जगत होती, आणि उरलेली अर्धी त्या दुकानदारांवर.

मी नुकतीच बी.एस्सी. होऊन गिरणीच्या प्रयोगशाळेत चिकटले होते. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, एक भट्टी, एक नाजूक काटा आणि मी. सुताला नंबर असतो. नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. विसाचं जाडंभरडं, चाळिसाचं चांगलं, साठाचं दिसेल न दिसेल असं. ठरावीक लांबीचं सूत काट्यावर तोलायचं, भागाकार करायचा, नंबर काढायचा, हे माझं काम. पहिल्याच आठवड्यात चाचा दारात आले, टेबलावरच्या लडीचं टोक अंगठा आणि बोटात धरून डोळे मिटले आणि म्हणाले, "चाळीस."

मी म्हणाले, "अडतीस आहे. काटा सांगतोय."

"बाई, तुमच्या काट्याला सर्दी झाली हाय."

मला राग आला. तीन वर्षं शिकून आले होते मी आणि हा माणूस चिमटीत धरून मला शिकवत होता. ते गेल्यावर मी तीन वेळा तोललं. अडतीसच. मग लक्षात आलं की भादव्याची झड लागली होती, खोलीच्या भिंतींना ओल होती आणि सुतानेही ओल धरली होती. ओलं सूत वजनाला भरतं. लड भट्टीत वाळवली, पुन्हा तोलली. चाळीस. मी मुकाट्याने कँटीनमध्ये गेले आणि त्यांच्यासाठी चहा सांगितला. त्यांनी तो प्याला, जिंकल्याचं काही बोलले नाहीत, जाताना माझ्या खोलीच्या दाराला तेवढं तेल घातलं.

त्या दिवसापासून मी त्यांची पोर झाले. आधी "बाई" होते, नंतर "बेटा". आमची रोज पैज लागे आणि रोज मीच हरे. हरण्यातही एक मजा होती, कारण ते अंकाचं नाव घेताना डोळे मिटायचे आणि चेहऱ्यावरचं सगळं वय उतरून जायचं.

या बोटांनी त्यांना कमी छळलं नाही. कापड दिसलं की हात जाई. लग्नात जेवायच्या पंगतीत शेजाऱ्याचा सदरा चाचपणार, नवरदेवाच्या बापाच्या फेट्याचं टोक धरणार. बायकांच्या लुगड्याला ते कधी हात लावत नसत. त्यासाठी चाचींना पाठवत आणि चाची कपाळाला हात लावून जात, येऊन सांगत, "मऊ हाय." "मऊ म्हंजे किती?" यावर त्या काय सांगणार! एकदा केजहून एसटीने येताना त्यांनी पुढच्या सीटवरच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या धोतराचा सोगा चिमटीत धरला. म्हातारा खिसेकापू म्हणून ओरडला. कंडक्टरने बेल मारली, गाडी थांबली, दोघातिघांनी चाचांची कॉलर धरली. चाचा शांतपणे म्हणाले, "धोतर साठाचं म्हणून घेतलंय ना बाबा? उभं सूत साठाचं हाय. आडवं चाळिसाचं घातलंय."

म्हातारा ओरडायचा थांबला. "म्हंजे त्या दुकानदारानं फशिवलं का मला?"

"फशिवलं."

मग दोघंही तिथेच उतरले आणि परतीची जीप पकडून केजला दुकानदाराशी भांडायला गेले. संध्याकाळी चाचा घरी परतले तेव्हा म्हाताऱ्याने दिलेली शेंगांची पिशवी त्यांच्या हातात होती.

साच्यांबद्दल ते माणसांबद्दल बोलावं तसं बोलत, आणि माणसांबद्दल फारसं बोलतच नसत. सात नंबर लाजरा, त्याच्यावर साहेब लोक आले की तारा तोडणार. अकरा नंबर म्हणजे जावई, नेमका सणाच्या तोंडावर रुसणार. खंडेनवमीला मशीनची पूजा होई तेव्हा भटजी येऊन एका साच्याला हळदकुंकू लावून जात. चाचांना ते पटत नसे. भटजी गेले की पाठोपाठ झेंडूची टोपली घेऊन ते उरलेल्या एकवीस साच्यांना स्वतः फुलं वाहत. एका नव्या सुपरवायझरने विचारलं, "चाचा, तुम्ही कसे काय पूजा करता?" चाचा म्हणाले, "सण माझा न्हाई. त्यांचा हाय."

हे सगळं मी हसत हसत लिहू शकते, कारण ते दिवस तसे होते. पुढचं तसं लिहिता येत नाही.

गिरणी एका दिवसात बंद पडली नाही. आधी तिसरी पाळी गेली, मग दुसरी. आमच्या शिवारातला कापूस ट्रकांत भरून गुजरातकडे जाऊ लागला आणि आमचे साचे वातीची वाट बघत उभे राहू लागले. संचालक मंडळ बदललं, मग तेही बदललं. एका सोमवारी आम्ही कामावर गेलो तर फाटकाला कुलूप होतं आणि कुलपाला लाखेचं सील. सायकली हातात धरून माणसं तासभर उभी राहिली आणि मग एकेक करून मागे वळली.

त्यानंतरचं आमचं गाव मला आठवायला नको वाटतं. कँटीनवाल्याने पत्रे काढून नेले. सायकलीच्या पाच दुकानांतलं एक उरलं. साच्यावर तारा जोडणाऱ्या बायका, ज्यांची बोटं एवढी हलकी होती की सूत हललेलं कळू नये, त्या दिवाळीनंतर कोयते घेऊन ऊसतोडीला जाऊ लागल्या. कुणी पुण्यात वॉचमन झालं, एक जण कडा गावच्या साखर कारखान्यावर लागला, तो आमच्यातला नशीबवान. संध्याकाळी सहानंतर दिंद्रुडचा रस्ता सामसूम होई. लेकी द्यायला लोक आमच्या गावाचं नाव घेईनासे झाले.

चाचांची दोन्ही मुलं पुण्यात गॅरेज चालवत होती. ती न्यायला आली. चाची जायला एका पायावर तयार होत्या. चाचा म्हणाले, "तुमी जावा. म्या येतो मागून." आणि गेले नाहीत. चाची कंटाळून चार-सहा महिने मुलांकडे राहत, परत येत, पुन्हा जात.

गिरणीच्या मागच्या भिंतीला एक खिंडार होतं. वॉचमन आपलाच होता. त्या खिंडारातून चाचा रोज सकाळी आत जात आणि रोज एक साचा हाताने फिरवत. मशीन नुसतं उभं राहिलं की त्याचे लांब दांडे स्वतःच्याच वजनाने झोल खातात, गंज धरतो, मग ते पुन्हा फिरत नाही. म्हणून मोटरचा पट्टा काढायचा आणि चाक दोन्ही हातांनी ओढत पन्नास-साठ फेरे द्यायचे. सोपं नाही ते. चारशे चात्या त्या चाकाला लागलेल्या असतात. मग चातीचातीला तेल. तेल गावातले शिंपी देत, बाटलीत थोडं थोडं बाजूला ठेवून. एका दिवशी एक साचा. बाविसावा झाला की पुन्हा पहिला. छपराच्या काचा फुटल्या तशी त्यांनी खताच्या गोण्या उसवून साच्यांवर पांघरूण घातलं. असं आठ वर्षं.

गावाने त्यांना वेड्यात काढलं. पोटासाठी ते मोटरपंप दुरुस्त करत, पण सकाळचे दोन तास गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी देत नसत. एकदा मीही वैतागून म्हणाले, "चाचा, कोण चालू करणार आहे आता ही गिरणी?"

"आमीच करणार."

हे नुसतं बोलणं नव्हतं. गावात उरलेल्या चाळीसेक जुन्या कामगारांना गोळा करून त्यांनी अर्ज केला होता. गिरणी भाडेपट्ट्याने आमच्या ताब्यात द्या, सगळे नाहीत तर सहा साचे चालवू, कापूस आमच्या शेतातला, हात आमचे. अर्ज मीच लिहून दिला होता. तो बीडच्या कार्यालयात पडून होता आणि चाचा दर महिन्याला एसटीने जाऊन विचारून येत. तिथला कारकून म्हणे, विचाराधीन आहे. चाचा परत येऊन मला सांगत, "इचार चालू हाय त्यांचा." सह्या करणाऱ्यांत निम्म्या त्या ऊसतोडीला जाणाऱ्या बायका होत्या. अर्ज मंजूर झाला असता तर त्यांच्या हातचा कोयता सुटला असता. चाचा साचे जपत होते ते यासाठी. मंजुरी आली आणि मशीनच फिरलं नाही, असं होऊ नये म्हणून.

आता माझ्याबद्दल सांगायला हवं. गिरणीवर अवसायक नेमले गेले, म्हणजे बंद संस्थेचं असेल नसेल ते मोडून आवरणारे सरकारी अधिकारी. त्यांना गिरणीतली मशीनं ओळखणारं, याद्या करणारं कुणीतरी हवं होतं. मला घेतलं. माझ्या घरात तेव्हा दुसरं कमावणारं कुणी नव्हतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याच गिरणीचं दप्तर माझ्याच हाती राहतंय, याचं मला बरंही वाटलं होतं.

एके दिवशी अवसायक साहेब म्हणाले, "परवा तिघं येताहेत. मशीनरी बघतील. घ्यायची की नाही ते ठरवतील. गावात याची चर्चा नको, कामगार गेटवर येऊन बसतील." मी बरं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा साचा फिरवत होते तिथे मी गेले. आत मोठी माणसं येणार आणि चाचा साच्यांवर गोण्या पांघरवत हिंडत असणार, हे बरं दिसलं नसतं. म्हणाले, "चाचा, उद्या माणसं येणार आहेत. मशीनं बघायला."

चाकावरचे त्यांचे हात थांबले. "आपला अर्ज लागला का कामाला?"

मी मान खाली घातली. त्यांनी तो होकार समजला.

मला तिथेच सांगता आलं असतं. एक वाक्य पुरलं असतं. नोकरी जाईल ही भीती होती, ते आहेच. पण एवढंच असतं तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं, कारण भीती कुणाला नसते. खरं कारण वेगळं होतं. चाचांनी हातातलं चाक सोडलं आणि म्हणाले, "उद्या एक साचा चालवून दावू त्यांना. सूत काढून दावू." आणि माझ्याही मनात आलं, एकदा बघावं. एकदा तो आवाज ऐकावा. त्या मोहापायी मी गप्प राहिले.

मग जे झालं ते आमच्याच माणसांनी करावं. मांडववाल्याचं मोठं जनरेटर बैलगाडीला बांधून आणलं. लग्नसराई नव्हती, त्याने हसत दिलं. हवा कोरडी असली की तार तुटते, म्हणून चाचांनी गोणपाटं पाण्यात भिजवून साच्याच्या दोन्ही अंगांना दोरीवर टांगली आणि फरशीवर बादल्यांनी पाणी ओतलं. जुन्या वाती त्यांनी पत्र्याच्या डब्यांत प्लॅस्टिक बांधून ठेवल्या होत्या, त्या निघाल्या. साच्यावरची एक जुनी बाई निरोप मिळताच शेतातून तशीच आली, पायाच्या चिखलासकट. चाचांनी तिला आधी पाय धुवायला लावले.

ते तिघं आले. चांगले स्वच्छ कपडे, हातात फायली. चाचांनी त्यांच्या शर्टांना हात लावला नाही, यावरून मला कळलं की ते किती घाबरलेत. त्यांनी नारळ फोडला, पाहुण्यांच्या हातावर खोबरं ठेवलं आणि जनरेटरवाल्याकडे बघून हात वर केला.

साचा आधी कण्हला. मग हळूहळू त्याने वेग घेतला आणि चारशे चात्या एका सुरात बोलायला लागल्या. आठ वर्षांनी त्या छपराखाली तो आवाज घुमला. वाती जुन्या, तारा पटापट तुटत होत्या. ती बाई पदर खोचून साच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जोडत निघाली, मग मीही निघाले, मला नीट जमत नव्हतं तरी. आणि बॉबिनवर सूत चढू लागलं. पांढरं, एकसारखं. ती बाई रडत होती आणि हात थांबवत नव्हती. मी रडत होते ते दोन कारणांनी, साचा फिरला म्हणून आणि तो कुणासाठी फिरतोय हे मला ठाऊक होतं म्हणून.

पाहुण्यांतल्या एकाने मोबाइलवर चित्रण केलं. दुसऱ्याने विचारलं, "बाकीचे पण असे आहेत?"

"सगळे, साहेब," चाचा म्हणाले. "बावीसच्या बावीस. कंचा बी लावून बगा."

त्यांनी आणखी तीन बघितले. हाताने फिरवून, चात्या हलवून. एकमेकांकडे बघून मान डोलावली. निघताना तिघांनीही चाचांशी हात मिळवला. चाचांनी तो हात दिवसभर धुतला नसेल.

मी कार्यालयात गेले आणि यादी भरली. प्रत्येक मशीनपुढे त्याची स्थिती लिहायची असते. निकामी, नादुरुस्त, दुरुस्तीयोग्य, चालू स्थितीत, यांपैकी काहीतरी. निकामी लिहिलं असतं तर त्या तिघांना साचे तरीही घेता आले असते का, मला ठाऊक नाही. कदाचित भंगारवालाच आला असता आणि भंगारवाल्यांना घाई नसते. तेवढ्यात आमचा अर्ज वर सरकला असता. मला हे सगळं तेव्हाही सुचलं होतं. पेन हातात धरून मी पुष्कळ वेळ बसले. मग बावीस ओळींत बावीस वेळा लिहिलं, चालू स्थितीत.

तीन आठवड्यांनी ट्रेलर आले. साचे तिकडे खाली, दक्षिणेत, कुठल्याशा गिरणीने घेतले होते. चाचांना कुणीच काही सांगितलं नव्हतं. ते सकाळी खिंडारातून आत गेले तेव्हा चार नंबरचे नटबोल्ट काढणं चाललं होतं. मी फाटकापाशी उभी होते. मला वाटलं, आता हा माणूस आडवा पडेल, दगड उचलेल, मला शिव्या घालेल. मला शिव्या हव्या होत्या.

चाचा त्या माणसांजवळ जाऊन उभे राहिले. मग एकदम ओरडले, "आरं बे, दांडा असा वडतात का? वाकंल की त्यो!" आणि माणसाच्या हातातला पान्हा घेतला.

चार दिवस ते तिथेच होते. एकेक भाग त्यांनी स्वतः उतरवला, पुसला, वंगण लावलं, गोणपाटात बांधला आणि त्यावर खडूने नंबर घातला. कुठल्या साच्याची कुठली चाती, हे चुकू नये म्हणून. ट्रेलरवाले त्यांच्यावर खूश होते. त्यांचा मुकादम म्हणाला, "चाचा, चला आमच्यासंगं, तिकडं बसवायला उस्ताद लागतोच." चाचा म्हणाले, "न्हाई. तिकडली हवा त्यांना मानवंल, मला न्हाई मानवायची." चार दिवसांत ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. शेवटचा ट्रेलर निघाला तेव्हा त्यांनी दोरखंड ओढून बघितले आणि घरी गेले. आमचा अर्ज त्यानंतर निकाली निघाला. मशीनरीअभावी विचार करता येत नाही, असं उत्तर आलं.

आज तुम्ही आमच्या गावात आलात तर तुम्हाला हे काही खरं वाटणार नाही. गिरणीच्या जागी मोठं मंगल कार्यालय आहे. ते करवतीसारखं छप्पर त्यांनी तसंच ठेवलं, काचा नव्या घातल्या, दिव्यांच्या माळा सोडल्या, फोटोत फार छान दिसतं. पुढे हिरवळ, बाजूला दुकानांची रांग, मोबाइलची, कपड्यांची, केकची. लांबून लांबून लोक लग्नं करायला येतात. जीपचा स्टँडही तिकडे गेला. रस्त्यावर संध्याकाळी उजेड असतो. गाव मेलं होतं ते उठलं, असं लोक म्हणतात आणि ते खोटं नाही. माझ्या भावाच्या मुलाचा फोटो स्टुडिओ त्याच रांगेत आहे आणि त्याचं बरं चाललंय. साच्यावरच्या काही बायका लग्नांत पोळ्या लाटायला जातात. उरलेल्या अजून उसाला जातात. कुणावर रागवावं हे मला कळत नाही, म्हणून मी स्वतःवरच रागावते.

साचे गेल्यावर पाचेक महिन्यांनी एके दुपारी चाचा आमच्या दारात उभे राहिले. पार वाळले होते. मी पाणी दिलं. ते ओट्यावर बसले. मी आत या म्हणाले तर ते नको म्हणाले.

मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हणाले, "चाचा, ते कोण होते ते मला माहीत होतं. आदल्या दिवशीच माहीत होतं. मी तुम्हाला सांगितलं नाही."

त्यांनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

"आणि यादीत मी तसं लिहिलं नसतं, तर साचे गेले नसते. निकामी लिहायला हवं होतं मी."

"निकामी?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरकले. एवढ्या वर्षांत त्यांना इतकं चिडलेलं मी पाहिलं नव्हतं. "माझ्या साच्यांला निकामी? आठ वर्सं हातानं फिरिवले म्या. तुला दिसत न्हवतं का? खोटं कावून लिवायचं?"

"पण ते राहिले असते, चाचा."

"सडून ऱ्हायले असते." मग त्यांचा आवाज खाली आला. "तू सांगायला पायजे होतंस. त्ये बरोबर न्हाई केलंस. त्या बाईला म्या शेतातून उगंच बोलिवलं. तिला आता त्वांड दाखवू वाटंना मला. पन लिवलंस त्ये बरोबर लिवलंस."



त्यांनी ओट्यावरची धूळ बोटाने सारली. मग म्हणाले, "त्या कागदाची नक्कल मिळंल का? शिक्क्याची. म्या त्यासाठीच आलतो."

मी बीडला गेले, अर्ज करून प्रमाणित नक्कल काढली आणि त्यांच्या घरी नेऊन दिली. चाची पुण्याला होत्या. खोलीत खाट, माठ आणि मोटरपंपाचे सुटे भाग. चाचांनी हात धुतले, पुसले आणि कागद दोन्ही हातांनी घेतला. शिक्क्यावरून अंगठा फिरवला. मग परत माझ्याकडे दिला. ते उर्दू शाळेत चौथीपर्यंत शिकले होते. हा कागद मराठीत होता.

"वाचून दाव."

"सगळा?"

"सगळा."

मी वाचायला लागले. साचा क्रमांक एक, चालू स्थितीत. साचा क्रमांक दोन, चालू स्थितीत. चाचांनी कानांतले बोळे काढून हातात धरले होते आणि डोळे उघडे ठेवून माझ्या तोंडाकडे बघत होते. प्रत्येक ओळीला ते थोडी मान हलवत. तेरावा क्रमांक वाचून झाला आणि मला पुढचं अक्षर दिसेना.

"वाच की बेटा," चाचा म्हणाले. "अजून नऊ हायेत."